माशाने बला घेतली नाही

घरातल्या काचेच्या टाकीतला मासा मेला की आपल्याकडे एक वाक्य तयारच असतं. मुसलमानाच्या घरात "चलो, बला टली" म्हणतात. शेजारच्या हिंदू घरात "घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं" म्हणतात. वास्तूच्या नावाने टाक्या विकणारा दुकानदार तर हे वाक्य टाकीबरोबर आधीच फुकट देऊन ठेवतो. मेला तर घाबरू नका ताई, शुभच असतं, दुसरा घेऊन जा. ज्या दोन समाजांचं कशावरही जमत नाही असं टीव्हीवर रोज ऐकतो, त्यांचं मेलेल्या माशाबद्दल मात्र पूर्ण एकमत आहे. आणि ते एकमत चुकीचं आहे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. सहावी-सातवीची मुलं निबंधात घरातल्या माशांबद्दल लिहितात, मधल्या सुट्टीत सांगतात, "मिस, मछली मर गई." मी विचारते, मरण्याआधी कशी होती? उत्तरं जवळजवळ पाठ झाल्यासारखी येतात. अंगावर पांढरे ठिपके आले होते, मिठाचे दाणे चिकटल्यासारखे. दगडावर अंग घासत होती. पर मिटून बसली होती. मग वरती येऊन तोंड उघडझाप करत होती. अब्बांनी दुकानातून निळं औषध आणलं, अम्मीने टाकी धुतली, तिसऱ्या दिवशी मेली. दादी म्हणाली बला गेली.

या मुलाने जे सांगितलं त्यात बलेला कुठेही जागा नाही. हा एक रोग आहे, त्याला नाव आहे, आणि वेळेवर ओळखला तर तो बरा होतो. म्हणूनच मला राग येतो.

आधी "सदका झाला" या समजुतीबद्दल दोन ओळी, कारण भाभी मंडळी हे मला धर्माच्या आवाजात ऐकवतात. सदका माणूस आपल्या हाताने, आपल्या मालातून, आपल्या मर्जीने देतो. आपल्या दुर्लक्षाने एक जीव टाकीत गुदमरून मेला तर तो सदका कसा होईल? मांजर बांधून ठेवलेल्या बाईची हदीस आपल्या प्रत्येक मदरशात शिकवली जाते. तिने त्या मांजरीला खायला दिलं नाही आणि स्वतःचं खाणं शोधायला मोकळंही सोडलं नाही, म्हणून तिला सजा झाली. टाकीतला मासा त्या मांजरीपेक्षा जास्त बांधलेला आहे. तो पाणीसुद्धा स्वतः निवडू शकत नाही. आणि ज्यांना कायद्याची भाषा जवळची वाटते त्यांच्यासाठी: प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा माणूस सोडून प्रत्येक सजीवाला प्राणी म्हणतो. त्यात वीस रुपयांची गप्पीही आली.

आता रोग. दुकानात त्याला व्हाइट स्पॉट किंवा इक म्हणतात. शास्त्रीय नाव लांबलचक आहे, इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. अर्थ साधारण असा की "माशाची ऊ, पुष्कळ पोरांची". १८७६ मध्ये फूके नावाच्या फ्रेंच माणसाने त्याचं वर्णन केलं. हा एकपेशीय परजीवी आहे, अंगभर बारीक केस असलेला, आणि एकपेशीय असूनही एक मिलिमीटरपर्यंत वाढणारा, म्हणून तर आपल्याला नुसत्या डोळ्यांनी दिसतो. नावातलं "पुष्कळ पोरांची" हे दोन शब्द ज्याला कळले त्याला उपचार कळला. बाकी सगळा घोळ ते न कळल्यामुळे आहे.

जो पांढरा ठिपका आपल्याला दिसतो तो माशाच्या कातडीच्या वर बसलेला नसतो. तो कातडीच्या वरच्या थराखाली घुसलेला असतो, आत खातो, फुगतो. तिथे पाण्यात टाकलेलं कोणतंही नेहमीचं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोट भरलं की तो कातडी फोडून बाहेर पडतो, तळाच्या रेतीवर, दगडावर, झाडाच्या पानावर चिकटतो, स्वतःभोवती एक पातळ आवरण करतो आणि आत फुटत जातो. एकाचे दोन, दोनाचे चार, असे काहीशे, कधी हजारापर्यंत. मग आवरण फुटतं आणि ही पिल्लं पोहत मासा शोधायला निघतात. त्यांच्याकडे वेळ थोडा असतो, साधारण एक-दोन दिवस. तेवढ्यात मासा सापडला नाही तर ती मरतात.

औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्या पिल्लांवर. ठिपक्यावर नाही.

नदीत किंवा तळ्यात पाणी अफाट असतं, त्यामुळे बहुतेक पिल्लांना मासा सापडतच नाही. दोन फुटांच्या टाकीत माशाला पळायला जागा नसते. दहा ठिपके गळून पडले की त्यातून हजारो पिल्लं निघू शकतात, आणि समोर चार मासे. पहिल्या फेरीत पाच-दहा ठिपके, दुसऱ्या फेरीत मासा पिठात बुडवल्यासारखा, हे मुलांनी पाहिलेलं असतं. ठिपके कल्ल्यांतही असतात, तिथे ते दिसत नाहीत. कातडीवरचे ठिपके बघत आपण बसतो आणि मासा मरतो तो कल्ले निकामी झाल्यामुळे. तो वरती येऊन तोंड उघडतो ते भुकेने नव्हे, श्वासासाठी. त्या वेळी त्याला दाणे टाकणारे लोक मी पाहिले आहेत.

हे सगळं चक्र पाण्याच्या उष्णतेवर चालतं. पंचवीस-सव्वीस अंशांना चार ते सहा दिवसांत एक फेरी पूर्ण होते. थंड पाण्यात तीच फेरी आठवडेच्या आठवडे रेंगाळते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत टाकीतलं पाणी रात्री उतरतं, दुपारी चढतं, मासा त्या चढउताराने आधीच थकलेला असतो, आणि त्यातच कोणीतरी नवीन मासे आणून सोडतो. थंडीत हा रोग जास्त का दिसतो याचं उत्तर एवढंच आहे. पण थंडीत घरात आजारपणही जास्त असतं, आणि मग मासा मेला त्याच आठवड्यात नानीचा ताप उतरला की बलेची गोष्ट पक्की होते.

यात सगळ्यात फसवा दिवस कोणता, तर ठिपके नाहीसे होण्याचा. निळं औषध टाकलं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठिपके गेले, घरात आनंद, बाटली फडताळात. प्रत्यक्षात ठिपके औषधाने गेलेले नसतात. ते पोट भरून खाली उतरलेले असतात आणि रेतीत हजारोंनी फुटत असतात. त्याच दिवशी औषधाची खरी गरज सुरू होते आणि नेमकं त्याच दिवशी आपण ते थांबवतो. तीन दिवसांनी मासा पांढराफटक. मग दुकानदार म्हणतो, "पानी खराब था."

तर ही निळी बाटली. माझं खरं भांडण हिच्याशी आहे.

आमच्या शहरातल्या चार दुकानांतून मी चार बाटल्या आणल्या. एकीवर आत काय आहे हे लिहिलेलं नव्हतं. दुसरीवर घटक होता पण त्याचं प्रमाण नव्हतं. तिसरीवर "काही थेंब" असं इंग्रजीत होतं. किती लिटरला काही थेंब, याचा पत्ता नाही. चौथीवर प्रमाण होतं, पण चिनी लिपीत. मराठी किंवा उर्दूत एकीवरही अक्षर नव्हतं. ही बाटली जिच्या हातात जाते ती बाई मराठी वाचते, उर्दू वाचते, दुधाच्या पिशवीवरची तारीख बघून पिशवी परत करते. तिला वाचता येत नाही म्हणून मासा मरत नाही. तिला वाचता येईल असं कोणी लिहीत नाही म्हणून मरतो. भाषेची शिक्षिका म्हणून हे मला त्या परजीवीपेक्षा जास्त खुपतं.

अशा बाटल्यांत सहसा तीनपैकी एक असतं. मिथिलिन ब्लू, मॅलेकाइट ग्रीन, फॉर्मेलिन, किंवा यांचं मिश्रण. तिन्ही योग्य मापाने उपयोगी आहेत आणि तिन्ही चुकीच्या मापाने घातक. मिथिलिन ब्लू त्यातलं सौम्य, बुरशीवर आणि अंड्यांसाठी वापरलं जाणारं. इकवर ते कमजोर पडतं, पण फिल्टरमधले उपयोगी जीवाणू मात्र मारू शकतं. मॅलेकाइट ग्रीन इकवर चांगलं चालतं. हा तोच हिरवा रंग, जो भेसळ करणारे भेंडी आणि परवल ताजे दिसावेत म्हणून वापरतात. खाण्याच्या माशांसाठी तो युरोप-अमेरिकेत वापरता येत नाही, कारण माणसाच्या तब्येतीला तो धोक्याचा मानला जातो. फॉर्मेलिन पाण्यातला प्राणवायू कमी करतं, म्हणजे ज्या माशाचे कल्ले आधीच सुजले आहेत त्याचा श्वास आणखी कोंडतो. म्हणून औषधाच्या काळात एअर पंप जोरात चालू ठेवायचा असतो. ही एक ओळ, "पंप चालू ठेवा", चारपैकी एकाही दुकानदाराने मला सांगितली नाही. उलट एकाने सांगितलं, औषध टाकल्यावर सगळं बंद ठेवा म्हणजे औषध चांगलं मुरतं. हातमोजे घाला, मुलांना लावू देऊ नका, हे तर लांबच राहिलं.

बाटलीने काम नाही झालं की पुढची पायरी कॅप्सूल. मेडिकलमधून टेट्रासायक्लिन आणायची, फोडायची, पाण्यात टाकायची. टेट्रासायक्लिन प्रतिजैविक आहे, जीवाणूंवर चालतं. इकचा परजीवी जीवाणू नाही. त्याच्यावर ही कॅप्सूल म्हणजे नुसतं पिवळं पाणी. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय जी गोळी विकायची नाही ती माशासाठी म्हणून मागितली की दुकानदार हसून देतो. मग ते पाणी मोरीत, मोरीतून गटारात, गटारातून ओढ्यात. पोराला सर्दी झाली की उरलेल्या स्ट्रिपमधली दोन चारायची आणि बरं वाटलं की थांबवायचं, ही आपली सवयच टाकीतही आली आहे. सवय तीच, फक्त रोगी बदलला.

दुसरं मत टाकी धुणाऱ्यांचं. रोग आला म्हणजे घाण आहे, घाण आहे म्हणजे धुवा. मासे बादलीत, रेती बाहेर, काच साबणाने घासलेली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पांढरा केलेला, नवीन थंड पाणी, मासे परत. बघायला फार छान दिसतं. पण परजीवी माशाच्या कातडीत आहे, तो माशाबरोबर बादलीतून परत आला. गेलं काय, तर स्पंजमधले जीवाणू. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया निघतो, तो विषारी आहे. एक प्रकारचे जीवाणू त्याचा नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे त्याचा नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी. ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि नळाखाली ती पाच मिनिटांत मरते, कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जीवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं. आजारी मासा आता अमोनियात पोहतो. तो मेला की आपण म्हणतो, एवढी सफाई करूनही वाचला नाही, म्हणजे नशिबातच होतं.

(पाणी रोज येत नाही अशा शहरात राहण्याचा एक फायदा इथे आहे. पिंपात एक-दोन दिवस उघडं साठवलेलं पाणी बहुतेक क्लोरीन उडून गेल्यामुळे माशांना बरं असतं. ज्यांच्याकडे चोवीस तास नळ आहे ते सरळ पाइप लावतात.)

"मग करायचं काय, मिस?" हा प्रश्न योग्य आहे, आणि नुसती टीका करून मी निघून जाणार नाही.

आधी पाणी मोजायचं. सातवीला घनफळ शिकवतात ते याच्यासाठीच आहे असं मी माझ्या मुलांना सांगते, गणिताच्या सरांनी माफ करावं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी म्हणजे साठ गुणिले तीस गुणिले तीस, चौपन्न हजार घन सेंटिमीटर, चौपन्न लिटर. वरची रिकामी जागा, खालची रेती, दगड वजा करून साधारण ४५ लिटर. हा आकडा माहीत नसताना कोणतंही औषध टाकणं म्हणजे पोराचं वजन न बघता औषध पाजणं. "टाकी मोठी आहे, दोन झाकणं टाका" असं सांगणाऱ्या दुकानदाराला मी विचारलं होतं, मोठी म्हणजे किती लिटर? तो म्हणाला, मॅडम, तुम्ही टीचर आहात का?

मग उष्णता आणि मीठ. गप्पी, मॉली, एंजल यांसारख्या गरम पाण्याच्या माशांना हीटरने पाणी हळूहळू, दिवसाला एक-दोन अंश, असं चढवत तीस अंशांपर्यंत नेता येतं. उष्णतेने परजीवीचं चक्र वेगाने फिरतं, तो लवकर कातडीबाहेर येतो, आणि तीसच्या आसपास त्याची बहुतेक वाणं नीट वाढत नाहीत. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून पंप दुप्पट. साधं जाडं मीठ लिटरला दोन ग्रॅम, म्हणजे ४५ लिटरला नव्वद ग्रॅम, आधी भांड्यात विरघळवून, एकदम न ओतता दीड-दोन दिवसांत थोडं थोडं. पोहणाऱ्या पिल्लांना ते सोसत नाही. दर एक-दोन दिवसांनी नळीने तळाची रेती शोषून थोडं पाणी काढायचं, कारण फुटणारी आवरणं तिथेच असतात, आणि तेवढंच, त्याच उष्णतेचं, त्याच खारटपणाचं पाणी परत घालायचं. फिल्टरला हात लावायचा नाही. हे सगळं शेवटचा ठिपका गेल्यावरही निदान आठवडाभर चालू ठेवायचं, म्हणजे एकूण दहा ते चौदा दिवस. थांबण्याची तारीख कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवावी, माशाकडे बघून ठरवू नये.

गोल्डफिशला तीस अंश देऊ नका, तो थंड पाण्याचा मासा आहे. लोच आणि बिनखवल्याचे मांजरमासे मीठ आणि मॅलेकाइट ग्रीन दोन्ही कमी सोसतात, त्यांना मात्रा कमी. गोगलगाय, कोळंबी टाकीत असेल तर तांब्याचं औषध अजिबात नाही. आणि मॅलेकाइट-फॉर्मेलिनचं औषध वापरायचंच झालं तर प्रमाण छापलेलं असेल तेच घ्या, लिटरच्या हिशोबाने टाका, फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, नाहीतर तो औषध शोषून घेतो आणि तुम्ही पैसे कोळशाला पाजता.

पण या सगळ्याच्या आधी एक काम आहे, ते कोणी करत नाही. बघणे.

पांढरं दिसलं की इक, असं नसतं. नर गोल्डफिश मोठा झाला, विणीचा काळ आला, की त्याच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर पांढरे बारीक दाणे येतात. ओळीत, नीट, दोन्ही बाजूंना सारखे. तो आजारी नसतो, तो वयात आलेला असतो. अशा ठणठणीत माशाला आठवडाभर निळ्या पाण्यात ठेवून मारलेलं मला माहीत आहे, आणि मारणाऱ्या घरात दोन पदवीधर होते. उलट अंगावर सोनेरी भुकटी उडाल्यासारखी दिसली, टॉर्च तिरपा धरल्यावर चमकली, तर तो वेगळाच परजीवी. त्याच्यात हिरवा रंगकण असतो, तो उजेडावरही थोडा जगतो, म्हणून औषधाबरोबर टाकीचा दिवा बंद ठेवतात. तोंडाभोवती कापसासारखा पांढरा थर असेल तर तो बऱ्याचदा जीवाणूंचा रोग असतो, आणि त्यात पाणी गरम केलं तर मासा लवकर मरतो. म्हणजे एकाला जे औषध तेच दुसऱ्याला विष. अंगाला काडी टोचल्यासारखं काही लोंबत असेल तर तो लर्निया, नाव अँकर वर्म असलं तरी कृमी नव्हे, खेकडा-कोळंबीच्या भाऊबंदांपैकी एक. गप्पीच्या गुदाशी लाल धागे दिसत असतील तर ते आतड्यातले कृमी. तिथे मीठ, उष्णता, निळं पाणी यांपैकी कशाचा काही उपयोग नाही, लेव्हामिसोलसारखं जंतांचंच औषध लागतं.

ठिपके काहीच नाहीत, तरी मासा अंग घासतो, एक कल्ला मिटून दुसऱ्यानेच श्वास घेतो, तेव्हा कल्ल्यांतल्या चपट्या कृमींचा संशय घ्यावा. यांच्या दोन जाती मुलांना सांगताना मला मजा येते. एक अंडी घालते, आणि प्राझिक्वांटेलचा पहिला डोस त्या अंड्यांना काही करत नाही, म्हणून तो काही दिवसांनी पुन्हा द्यावा लागतो. दुसरी पिल्लू घालते, आणि त्या पिल्लाच्या पोटात जन्माआधीच पुढचं पिल्लू वाढत असतं. आजी, आई, नात एकाच अंगात.

या दुसऱ्या जातीची गोष्ट टाकीपुरती नाही. नॉर्वेत १९७० च्या दशकात तिचाच एक भाऊबंद, अर्ध्या मिलिमीटरचा, बाहेरून आणलेल्या माशांबरोबर नद्यांत शिरला. तिथल्या रानटी सामन माशाला त्याची सवय नव्हती. कित्येक नद्यांतली सामनची पिल्लं संपत गेली, आणि शेवटी सरकारला नद्यांत विष घालून सगळे मासे मारून परजीवी घालवावा लागला. आपल्याकडे आजारी मासा "बिचारा मोकळा मरू दे" म्हणून तलावात सोडतात. कोणी पुण्य म्हणून, कोणी सवाब म्हणून. टाकी साफ करणारा सकर मासा याच दयेपोटी भारतातल्या अनेक नद्या-तलावांत पोचला आणि आता मच्छीमारांची जाळी फाडतो. आपल्या रोहू-कटल्याच्या तळ्यांना माशाच्या उवेने आधीच बेजार केलं आहे. त्यात घरातल्या टाकीतले परजीवी आपण सवाब समजून सोडू नयेत. आजारी मासा तलावात नाही, विहिरीत नाही, गटारात नाही.

यावर मला दोन उत्तरं मिळतात. पहिलं दुकानदाराचं: मॅडम, होलसेलवाला जे देतो ते आम्ही विकतो. हे खरं आहे, आणि तो गरीब माणूस आहे हेही खरं आहे. पण सगळ्या टाक्यांत एकच जाळी फिरवायला होलसेलवाला सांगत नाही. ठिपकेवाला मासा दिव्याखाली ठेवून विकायला तो सांगत नाही. नवीन मासा घरी नेल्यावर दोन ते चार आठवडे वेगळ्या टबात ठेवा, पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका, ही दोन वाक्यं बोलायला पैसे पडत नाहीत. पडतात ते एवढेच, की मासे मेले नाहीत तर गिऱ्हाईक दर महिन्याला येत नाही.

दुसरं उत्तर शिकल्या-सवरल्यांचं, आणि ते जास्त वाईट. वीस रुपयांचा मासा, ऐंशी रुपयांचं औषध, चौदा दिवस कोण करत बसणार, नवीन आणू. हा हिशोब बरोबर आहे, म्हणूनच तो भीतीदायक आहे. मग टाकी आणूच नका. भिंतीवर माशाचं चित्र लावा, ते कधी आजारी पडत नाही. पण टाकी आणली, मुलाने माशाला नाव दिलं, आणि मग त्याच मुलासमोर हा हिशोब मांडला, तर मूल त्यातून काय शिकतं हे वर्गात मला दिसतं. शाळेच्या कुंपणापाशी लंगडत आलेल्या कुत्र्याबद्दल एकाने मला विचारलं होतं, "मिस, इसका कितना आता है?"

आपल्या राज्यात मत्स्यशास्त्र काही कमी नाही. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून आहे. रत्नागिरीला, उदगीरला, नागपूरला मत्स्यविज्ञानाची महाविद्यालयं आहेत. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं, तिथे पिढ्यान्‌पिढ्या शाळांच्या सहली गेल्या. एवढं ज्ञान असूनही दुकानाच्या काउंटरवर पोचतं ते निळं पाणी आणि बलेची गोष्ट. मला मोठी योजना नको आहे. बाटलीवर घटक, प्रमाण आणि लिटरमागे मात्रा मराठीत छापलेली हवी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, जिथे शेळी-म्हशीचं चालतं, तिथे माशाच्या परजीवींचं एक पान भिंतीवर हवं. रत्नागिरीच्या किंवा उदगीरच्या एखाद्या विद्यार्थ्याने एका दुपारी बसून लिहावं एवढंच ते आहे.

तोवर आमच्या सातवीच्या मुलांनी अर्धं पान तयार केलं आहे, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. वर टाकीचं घनफळ काढायची रीत, खाली ठिपक्याचं चक्र चित्रात, कोपऱ्यात "औषध थांबवायची तारीख" म्हणून रिकामी चौकट. एका मुलीने "मछली बला नहीं लेती" हे शीर्षक सुचवलं, पण बाकीच्यांनी ते कापलं. म्हणाले, दादी नाराज होईल, आधी तिला वाचू तर दे. चार दुकानांपैकी एकाने ते पान काउंटरच्या काचेखाली लावलं. दोघांनी नाही म्हटलं. चौथा म्हणाला, निळ्या बाटलीबद्दल लिहिलेलं खोडा, मग लावतो. मुलं खोडायला तयार नाहीत.